कव्हरवरची जाड भिंत

रविवार, ९ नोव्हेंबर. आजचं काम: तीन कव्हरांतलं एक निवडणं. उद्या सकाळी राजाजीनगरला प्रेसमध्ये सांगायचंय.

अक्का,

तुमच्या पुस्तकाचं कव्हर अजून ठरलेलं नाही. "अजून?" असं तुम्ही विचारलं असतंत, म्हणून हे आधीच सांगून टाकते. आतली पानं तयार आहेत, कागद येऊन पडलाय आणि मंजुनाथांनी उद्याचं मशीन आपल्यासाठी धरून ठेवलंय. उद्या चुकलं तर त्यांची लग्नपत्रिकांची आणि कॅलेंडरांची कामं सुरू होतात, मग आपला नंबर संक्रांतीनंतर. तुम्ही असतात तर त्यांच्याशी कानडीत भांडून मधलाच एखादा दिवस काढून घेतला असतात. मला तेवढं कानडी येत नाही. भाजी घेण्यापुरतं आणि रिक्षावाल्याला नाही म्हणण्यापुरतं येतं, तेही तुम्हीच शिकवलेलं.

तर लॅपटॉपवर तिन्ही कव्हरं उघडी आहेत. पहिलं तुमचं: हाताने काढलेला घराचा नकाशा, वर ‘घरमालक उठलेच नाहीत’, खाली तुमचं नाव. दुसरं तेच, फक्त त्यातली एक भिंत बारीक केलेली. ते मी करून घेतलं होतं आणि त्यावरून आपलं काय झालं ते तुम्हाला माहीत आहे. तिसरं मात्र तुम्ही पाहिलेलं नाही. त्यावर तुमचा फोटो आहे. श्रीकांतच्या पन्नाशीला काढलेला, मोतिया साडीतला, हसरा. फोटोभोवती सोनेरी महिरप. खाली मोठ्या अक्षरांत ‘कै. वत्सला नरगुंदकर’ आणि त्याच्याखाली बारीक अक्षरांत पुस्तकाचं नाव. तुमचा तो प्रसन्न चेहरा आणि खाली ‘घरमालक उठलेच नाहीत’. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला हसू फुटलं आणि श्रीकांत उठून गॅलरीत गेला.

तुमच्या भावाला हे तिसरंच हवंय. माझा नवरा म्हणून त्याच्याशी मी भांडू शकते, पण तुमचा भाऊ म्हणून सध्या जरा जपून भांडावं लागतं. तेरावं होऊन फार दिवस झालेले नाहीत. तुमच्या खोलीत गेला की तो खुर्ची सरळ करतो, पंखा लावतो, बंद करतो आणि बाहेर येतो.

माझं म्हणणं साधं आहे. तुम्ही रहस्यकथा लिहिलीत, ती रहस्यकथा म्हणून बाहेर पडली पाहिजे. फोटो, महिरप आणि ‘कै.’ लावलं की ती वर्षश्राद्धाला वाटायची वस्तू होते. लोक दोन्ही हातांनी घेतात, कपाळाला लावतात, शोकेसमध्ये ठेवतात. आत एका माणसाच्या तोंडावर उशी दाबलीय, हे कुणाला कळायचंसुद्धा नाही. तुमची चार वर्षं शोकेसमध्ये जातील. तेवढं मला होऊ द्यायचं नाहीये.

श्रीकांत सध्या आत बसून पुस्तक वाचतोय. ते कसं घडलं ते पुढे सांगते.

* * *

निवृत्तीनंतर माणसं काशीला जातात, नाहीतर मुलांकडे अमेरिकेला. तुम्ही एका घरमालकाचा खून करायला बसलात. विमानाच्या कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात जन्म काढलेली बाई, तिने लिहायचंच तर आठवणी लिहाव्यात, असं सगळ्यांना वाटत होतं. तुम्ही म्हणालात, आठवणींत काय आहे, त्या घडून गेल्यात.

पुण्याच्या एका प्रकाशकांनी हस्तलिखित वाचून फोन केला होता, आठवतं ना? त्यांना कथा आवडली होती. फक्त घर बनशंकरीऐवजी पुण्यात हलवा म्हणाले. बंगळूरच्या मराठी लोकांत वाचकांना काय रस. तुम्ही फोनवर अगदी शांतपणे सांगितलंत की, "पुण्यात खून कसा करू? तिथलं घर मी मोजलेलं नाही." फोन ठेवला आणि माझ्याकडे वळून म्हणालात, "मेधा, आपणच छापू. तुला फाइली सांभाळायची सवय आहे." मी शाळेचं ऑफिस सांभाळते, त्याचा पुस्तक छापण्याशी काय संबंध, असं मी विचारणार होते. पण तोवर तुम्ही टेबलावर जागा करायला घेतली होतीत.

स्वतः पुस्तक छापणं म्हणजे एकामागून एक प्रश्नांना उत्तरं देणं, हे तेव्हा कळलं. आकार कुठला? कागद पांढरा की पिवळसर? अक्षर केवढं? ओळींत अंतर किती? कव्हर चकचकीत की मऊ? प्रकाशक असला की हे सगळं तो ठरवतो आणि लेखक नंतर कुरकुरतो. आपल्याकडे ठरवणाऱ्या तुम्ही आणि कुरकुरणारी मी.

कव्हरासाठी सायली मिळाली. नागपूरची, आयटीतली, जे. पी. नगरला राहते, शनिवार-रविवारी कव्हरं करते. पहिल्या भेटीला ती हौसेने तीन नमुने घेऊन आली. एकावर रक्त गळणारा चाकू. दुसऱ्यावर धुक्यात उभी, हॅट घातलेली बाई. तिसऱ्यावर कुलपाच्या भोकातून बघणारा डोळा. तुम्ही चष्मा पुसून तिन्ही पाहिलेत. खून उशीने झालाय, चाकू कुठून आला, असं विचारलंत. बनशंकरीत टोपी घालणारी बाई कोण, इथे डिसेंबरात माकडटोपी घालतात आणि ती पुरुष घालतात. कुलूप बघून म्हणालात, अशी कुलपं मिळायची बंद झाली.

सायलीने समजावून बघितलं. "अक्का, हे सिम्बॉलिक असतं."

"असू दे गं. पण माझ्या घरात ते कुठे बसवू?"

ती जाताना मला जिन्यात म्हणाली, मॅडम, हे अवघड जाणार आहे. मी तिला सांगितलं, मी वीस वर्षं यांच्याच वरच्या मजल्यावर राहतेय.

आणि मग तुम्ही तुमचा जुना ड्रॉइंग बोर्ड माळ्यावरून काढायला लावलात. कव्हर तुम्हीच काढणार. घराचा नकाशा: पुढे व्हरांडा, मध्ये हॉल, दोन्हीकडे खोल्या, मागे तुळस आणि पाण्याची टाकी. उजव्या कोपऱ्यात, कारखान्यातल्या ड्रॉइंगवर असते तशी चौकट, आणि तिच्यात पुस्तकाचं नाव मुंगीएवढ्या अक्षरांत. सायली म्हणाली, नाव मोठं हवं, लोक फोनच्या स्क्रीनवर बघतात. तुम्ही विचारलंत, पुस्तक फोनमध्ये ठेवायचंय की कपाटात? शेवटी नाव वर मोठं आलं, चौकट खाली राहिली, आणि दोघींना आपण जिंकलो असं वाटलं. मला तोवर जेवायला उशीर झाला होता.

खरी लढाई प्रेसमध्ये झाली. मंजुनाथांनी सांगितलं की चित्र पुस्तकापेक्षा चारी बाजूंनी थोडं जास्त हवं, कारण कटिंगमध्ये कडा उडतात. तुम्ही हतबुद्ध झालात. कापायचंच आहे तर काढायचं कशाला? कानडीत बराच वेळ चाललं होतं, मला फक्त तुमचं ‘सरी, सरी’ म्हणजे ‘बरं, बरं’ ऐकू येत होतं आणि त्यातलं एकही होकारार्थी नव्हतं. घरी आल्यावर तुम्ही नकाशाभोवती एक जादा पट्टा काढलात, त्यात फुटपाथ आणि गटार दाखवलंत. उडालं तर गटार उडेल, घराला धक्का नाही.

पान क्रमांकावरून आपण दोन दिवस बोललो नाही, हे मी विसरलेले नाही. तुम्हाला प्रत्येक पानाखाली ‘४७ / २१२’ असं हवं होतं, कारण ड्रॉइंगवर तसंच लिहितात, किती कागदांपैकी कितवा. मी म्हटलं, अक्का, ही रहस्यकथा आहे, एकशेपन्नासाव्या पानावर पोलिसांनी एकाला धरलं आणि खाली लिहिलंय की अजून बासष्ट पानं बाकी आहेत, तर कोण विश्वास ठेवेल तो खुनी आहे म्हणून? तुम्ही म्हणालात, आकडा नसला तरी हाताला जाडी लागते, वाचक काय हातमोजे घालून वाचतो? शेवटी आकडा काढलात, पण मला पटलं म्हणून नाही. मी उपमा न खाता ऑफिसला गेले म्हणून.

अक्षराच्या आकारावर मात्र तुम्ही हटला नाहीत. मी म्हणत होते, एवढं मोठं अक्षर घेतलं तर पानं वाढतील आणि पुस्तक बालवाडीचं दिसेल. तुम्ही म्हणालात, "पुण्यातले लोक माझे वाचक नाहीत. माझा वाचक म्हणजे श्री. घरात तास न् तास मराठी बोलतो, आणि वाचायला दिलं की बोट लावून वाचतो. इथली आपली सगळी माणसं तशीच. कानडी शाळा, इंग्रजी नोकरी. त्यांना अक्षर स्वल्प मोठं हवं, ओळी दूर दूर हव्यात आणि प्रकरण लहान हवं."

तुमचा हा वाचक त्या वेळी शेजारच्या खोलीत क्रिकेट बघत होता. त्याने आयुष्यात एकही मराठी पुस्तक पूर्ण वाचलेलं नव्हतं. तुमचंही वाचलं नव्हतं. छापून आलं की वाचतो म्हणायचा, आणि तुम्ही सरी म्हणायचात.

* * *

आता त्या भिंतीबद्दल. कुठली भिंत ते मी इथेही लिहीत नाही. हा कागद कुणाच्या हाती पडला तर पुस्तकाची वाट लागेल. एवढंच लिहिते की गोष्टीत एक भिंत इतरांपेक्षा जाड आहे, त्याला कारण आहे, आणि ते कारण शेवटून दुसऱ्या प्रकरणात कळतं. आणि तुम्ही तीच भिंत कव्हरवर, पुस्तक उघडायच्या आधी, तिच्या खऱ्या जाडीची काढून ठेवलीत.

मला ते दिसलं तेव्हा मी पोळ्या करत होते. तुम्ही कव्हर दाखवायला स्वयंपाकघरात आला होतात. मी म्हटलं, ही भिंत बारीक करा. तुम्ही म्हणालात, ती बारीक नाही. मी म्हटलं, मला माहीत आहे ती बारीक नाही, पण लोकांना आत्ताच कळायला नको. तुम्ही म्हणालात, "खोटा नकाशा काढायला हात वळत नाही, मेधा. खोलीत खून कर म्हण, करते. भिंत चुकीची काढ म्हणू नकोस."

मी सांगून पाहिलं की ही फॅक्टरी नाही, यावरून कुणी विमान बांधणार नाहीये. तुम्ही सांगितलंत की लोक चित्र बघतात, माप बघत नाहीत; जो बघेल आणि पकडेल त्याला तुम्ही घरी जेवायला बोलवाल. मी म्हटलं, मग रोज पंगत बसेल आणि स्वयंपाक मला करावा लागेल.

मग मी गुपचूप सायलीला फोन करून ती भिंत कंप्यूटरवर बारीक करायला लावली. तिने पाठवलेली फाइल नेमकी तुम्ही असताना उघडली गेली. तुम्ही चिडला नाहीत. पट्टी घेतलीत, स्क्रीनवर लावलीत, भिंत मोजलीत आणि पट्टी खाली ठेवलीत. "घर पडेल हे," एवढंच म्हणालात. मी माझी बाजू पुन्हा मांडायला घेतली. तुम्ही उठलात, गुडघ्याला हात लावून दाराशी थांबलात आणि म्हणालात, "उद्या बोलू."

मला वाटलं मी निम्मी जिंकले. तुम्ही ‘उद्या बोलू’ म्हणालात की बहुतेक वेळा दुसऱ्या दिवशी थोडं सैल सोडायचात. दुसऱ्या दिवशी दुपारी तुम्ही जेवून आडव्या झालात, मी चहाला हाक मारली तेव्हा उठलाच नाहीत.

पुस्तकाच्या नावावरून पुण्याच्या मावशींचा फोन आलाच. ‘अगं, नाव तरी बदला, बरं दिसतं का ते’ म्हणाल्या. मी म्हटलं, नाही दिसत, पण ते अक्कांनी ठेवलंय. तुम्हाला या योगायोगाची मजा वाटली असती. मला नाही वाटली. अजून वाटत नाही, पण वाटेल असं वाटतंय.

एक सांगायचं राहिलंच. पुस्तक चांगलं झालंय, अक्का. तुम्ही पहिला खर्डा वाचायला दिलात तेव्हा मी एका बैठकीत वाचून काढला आणि तुम्हाला सांगितलं की समास कमी सोडलाय, शिवणीत अक्षरं जातील. तुम्हीही ‘समास किती हवा’ एवढंच विचारलंत. आपल्या दोघींचं सगळं असंच चाललं. लग्न होऊन आले तेव्हा घरातल्या बाकी सगळ्यांनी मला देवळात नेलं, तुम्ही हार्डवेअरच्या दुकानात नेलंत आणि वॉशरचे प्रकार दाखवलेत. या घरात नळ गळतो, म्हणालात, आणि माझे भाऊ बादली लावतात. त्या दिवशी मला वाटलं, इथे आपलं निभेल. हेही कधी बोलले नाही. पण नळ मी तेव्हापासून कुणाला हात लावू दिलेला नाही, त्यावरून तुम्हाला कळलं असेल.

* * *

तर श्रीकांत. शुक्रवारी त्याने सायलीला परस्पर फोन करून ते महिरपवालं कव्हर करून घेतलं. सायलीने बिचारीने मला विचारलं, मॅडम, हे नक्की? मी त्याला म्हटलं, अक्कांना कव्हरवर फोटो नको होता. "माझं तोंड बघून लोक खुनाची गोष्ट घेतील का," असं त्या म्हणायच्या, "लोणचं घेतील."

तो म्हणाला, ते तिचं बोलणं होतं, जिवंत असताना माणूस काहीही बोलतो. मग म्हणाला, "लोकांना कळायला नको का, कोण गेलं ते?"

त्याचं चूक नाही. त्याला बहीण दिसायला हवी आहे. मला लेखिका दिसायला हवी आहे. कव्हर एकच आहे.

म्हणून काल जेवण झाल्यावर मी तुमच्या कपाटातली ती डमी काढली, प्रेसने तुम्हाला बघायला म्हणून एकच बांधून दिलेली, तुमच्या नकाशाच्या कव्हरची. जाड भिंतीसकट. ती त्याच्यासमोर ठेवली आणि म्हटलं, आधी वाच. वाचून झाल्यावर तू सांगशील ते कव्हर मी प्रेसला कळवेन. फोटो म्हणालास तर फोटो.

त्याने मला विचारलं, नक्की ना? मी हो म्हटलं. बोलून बसले खरी, पण शब्द दिला की मी फिरवत नाही, हे त्यालाही माहीत आहे. आणि तुमचं पुस्तक मी एका अशा माणसाच्या हातात दिलं होतं, ज्याला मराठी वाचता वाचता झोप लागते.

झोप लागली नाही. काल दुपारभर तो बोट लावून वाचत होता. दोनदा बाहेर येऊन विचारून गेला, ‘फडताळ’ म्हणजे काय आणि ‘कानोसा’ म्हणजे काय. संध्याकाळी फिरायला गेला नाही. जेवताना एकदम म्हणाला, तो वरच्या मजल्यावरचा भाडेकरू आहे ना, तोच. मी भात वाढला. आज सकाळी दूधवाल्याने बेल वाजवली तर दार मलाच उघडावं लागलं. अंघोळीआधी त्याने जाहीर केलं की भाडेकरू नाही, सून. अंघोळीनंतर म्हणाला, पोलिसांनी भाडेकरूला धरलं, पण तो नसणार, अजून केवढं पुस्तक शिल्लक आहे, आणि उजव्या अंगठ्याने मला उरलेली जाडी दाखवली. पान क्रमांकाचा तुमचा मुद्दा बरोबर होता. नोंद घ्यावी.

मी हा सगळा वेळ त्या भिंतीची वाट बघत होते. तो इंजिनीअर आहे, अक्का. तुमच्याच कारखान्यात तीस वर्षं. आज ना उद्या पुस्तक मिटून ठेवताना त्याची नजर जाणार, आणि तो विचारणार, ही भिंत एवढी जाड का? मग सगळं संपलं. मग भिंत बारीक करायला हवी होती हे माझं म्हणणं खरं ठरणार, आणि पुस्तक फसलं म्हणून फोटोही येणार. मला या वादात जिंकायची अजिबात घाई नव्हती. तो पुस्तक पालथं ठेवून चहा प्यायला, त्यावर चष्मा ठेवला, कव्हरवर पेपर ठेवला, एकदा तर कव्हर बोटाने पुसलं. भिंतीचा विषय निघाला नाही.

हे लिहीत असतानाच मघाशी आतून पान उलटल्याचे आवाज थांबले. मी लिहायचं थांबवलं. मग खुर्ची सरकली, आणि मग श्रीकांत हसायला लागला. तुमच्यासारखंच हसतो तो, खोकल्यासारखं सुरू होतं. तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदाच ऐकलं.

तो बाहेर आला तो पुस्तक मिटून, कव्हर माझ्याकडे करून. बोट नेमकं त्या भिंतीवर.

"समोर ठेवलंय तिने," तो म्हणाला. "काल दुपारपासून माझ्या हातात आहे. लहानपणी पण असंच करायची. माझी चप्पल लपवायची ती दारातच, पायपुसण्यावर. मी घरभर शोधायचो."

डोळे पुसून परत हसला. मग बसला आणि एक एक खोली परत बघू लागला, खुनी कुठून आला असेल, कुठून गेला असेल, वेळ जमतो का. पट्टी मागितली. मी दिली. मोजून झाल्यावर म्हणाला, बरोबर आहे. भिंतीत माणूस मावतो.

मी विचारलं, कव्हरचं काय करू?

"हेच," तो म्हणाला. "दुसरं कुठलं?" जसं काही महिरप दुसऱ्या कुणाच्या डोक्यातून आली होती. मग थोड्या वेळाने, पट्टी परत देताना: "आणि ते ‘कै.’ पण नको. खुनाच्या पुस्तकावर ‘कै.’ लिहिलं तर लोक पहिल्या पानापासून हिचाच खुनी शोधत बसतील."

म्हणजे वाद तुम्ही जिंकलात. लोक चित्र बघतात, माप बघत नाहीत. मी हे तुम्हाला तोंडावर कबूल केलं नसतं. अक्षर मोठं आहे, पानं वाढलीत, असं काहीतरी काढून विषय बदलला असता. पण आणखी एक गोष्ट मला आज कळली, जी कदाचित तुम्हालाही नीट सांगता येत नव्हती, म्हणून तुम्ही फक्त ‘हात वळत नाही’ म्हणत राहिलात. मी ती भिंत बारीक केली असती तर श्रीकांतला पुस्तक मिटल्यावर हे हसू मिळालं नसतं. त्याला फक्त खुनी मिळाला असता.

त्याला आता भूक लागलीय. सकाळपासून नीट जेवला नाही. मी उठते.

* * *

सोमवार.

सकाळी मेट्रोने राजाजीनगरला गेले. शाळेत सांगून ठेवलं होतं की उशीर होईल. श्रीकांत येतो म्हणाला होता, पण मी उठवायला गेले तर तो डमी घेऊन पुन्हा पहिलं प्रकरण वाचत होता, खुणा कुठे कुठे सोडल्यात ते बघत. त्याला म्हटलं, बस तू.

मंजुनाथांनी विचारलं, कुठलं? मी पहिलं म्हटलं. दुसरी फाइल मी त्यांच्यासमोरच काढून टाकली. तिसरी काढली नाही, त्यातला फोटो चांगला आहे, तो घरात लावू. कव्हर मशीनवर चढलं. तुम्ही त्यांच्याकडून कबूल करून घेतलं होतं म्हणे, की पहिला कागद बाहेर येईल तेव्हा तुम्ही शेजारी उभ्या असाल, त्याशिवाय पुढचं छापायचं नाही. त्यांनी मला तसं हिंदीत सांगितलं आणि माझ्यासाठी जागा करून दिली. मी उभी राहिले. शाईचा वास आणि आवाज एवढा होता की डोकं उठलं.

पहिला कागद आला. त्यांनी तो उजेडात धरला आणि मला विचारलं, ओके? घर छान आलं होतं, तुळस, टाकी, व्हरांडा, कडेचं गटारसुद्धा. नाव ठसठशीत. फक्त रेघा जराशा करड्या वाटत होत्या. मी नाही म्हटलं.

"ब्लॅक स्वल्प वाढवा," मी म्हटलं. "भिंती फिक्या दिसताहेत."

त्यांनी वाढवला. दुसरा कागद आला, तिसरा आला. चौथ्याला भिंती जशा हव्यात तशा दिसायला लागल्या, सगळ्या, त्या एकीसकट. मग मी सही केली आणि शाळेत गेले.